काचेपलीकडची शीळ

शीळमास्तरांना घटकाभर एका जागी बसवून दाखवा, मी तुम्हाला मानलं. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच उठतात, खिडकीशी जातात, पडदा सरकवतात, पुन्हा होता तसा करतात, फ्रीज उघडून आत बघतात आणि काही न घेता दार लावतात. बायको म्हणते, "अहो, दिवा लागतो की नाही तेच बघायचं असेल तर मी सांगते, लागतो." मास्तर नुसतं "हं" म्हणतात आणि परत खिडकीशी. पायाला भिंगरी त्यांच्या जन्मापासूनची. पण गाणाऱ्या ताईंचा फोन आला त्या दिवसापासून ती भिंगरी वर सरकून डोक्यात शिरली होती.

मास्तर म्हणून सगळे हाक मारतात खरे, पण शाळेची पायरी त्यांनी विद्यार्थी म्हणूनसुद्धा नाइलाजानेच चढलेली. शिकवणारी त्यांची बायको. ती मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली तरी अख्खी गल्ली तिला 'मोठ्या बाई' म्हणते, आणि घरात तर काय, विचारूच नका. मास्तरांचा धंदा वेगळा. गाण्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या एका कंपनीच्या स्टुडिओत ते टेपचं मशीन चालवायचे. गाणारे-वाजवणारे काचेच्या पलीकडे, मास्तर अलीकडे, बोट बटणावर. फीत फिरवायची, थांबवायची, मागे न्यायची, नको तो तुकडा ब्लेडने कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. असल्या माणसाचं नाव रेकॉर्डच्या पाकिटावर कोण छापतो? मास्तरांचं छापलं गेलं ते एकदाच, आणि तेही मशीन चालवल्याबद्दल नव्हे. शीळ घातल्याबद्दल.

ते शीळवालं गाणं. कडवं संपतं, सगळी वाद्यं थांबतात, आणि एक शीळ एकटीच वर चढत जाते, वळते, आणि उतरताना अगदी शेवटच्या सुरावर किंचित थरथरते, हसू दाबल्यासारखी. त्या थरथरीने लोकांना वेड लावलं. कॉलेजातली पोरं ती घोटून घोटून थकली, कुणाला जमली नाही. मास्तरांना रस्त्यात अडवून लोक म्हणायचे, "मास्तर, तेवढं शेवटचं होऊन जाऊ दे की!" आणि मास्तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणायचे, "घाईत आहे हो जरा."

घाई कसली डोंबलाची! ती शीळ मास्तरांची नव्हतीच. ती मोठ्या बाईंची होती. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं एकाच घरात राहत होती.

झालं होतं असं. ताई तेव्हा नवख्या गायिका. गाण्याचे शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. मास्तर उठता-बसता शीळ घालत हिंडायचे, म्हणून ताईंनीच फर्मान काढलं की शीळ तूच घालायची. आणि नेमकी त्या सकाळी मास्तरांची अक्कलदाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरने गाल बधिर करून ती उपटली. मास्तर स्टुडिओत आले ते एका बाजूने फुगलेलं तोंड घेऊन. वाटेत घेरी येऊन पडतील म्हणून नवी नवेली बायको सोबत. ओठांचा चंबू करायला गेले तर अर्धा चंबू झाला, अर्धा लोंबतच राहिला, आणि हवा भस्सकन बाहेर. ताई आणि कंपनीचे साहेब जेवायला निघाले होते. जाताना सांगून गेले, "आम्ही येईपर्यंत तेवढी शीळ भरून ठेव."

मास्तरांनी खूप खटाटोप केला. शेवटी बायको म्हणाली, "सरका."

लहानपणी भावांशी पैजा लावून शिकलेली शीळ होती ती. बायको काचेपलीकडे जाऊन माइकसमोर उभी राहिली, मास्तरांनी अलीकडून बटण दाबलं, आणि पहिल्या फटक्यात काम फत्ते. फक्त शेवटच्या सुराला तिची नजर काचेतून नवऱ्यावर गेली. नवरा आ वासून ऐकत होता, गालातला कापसाचा बोळा ओठावर आला होता, लाळ गळत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. तिला हसू फुटलं. तिने ते दाबलं. दाबलेलं हसू फितीवर उमटलं.

ताई जेवून आल्या, ऐकलं, आणि मास्तरांच्या गळ्यात पडायच्याच बाकी राहिल्या. "मास्तर! अरे काय चीज आहेस तू!" मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण बधिर जिभेतून निघालं ते "आ-वा-हा." ताईंना वाटलं, बिचाऱ्याला भरून आलंय. मागे दाराशी बायको उभी होती, ओठांवर बोट ठेवून मान हलवत होती. ती नुकतीच शाळेत लागली होती, शीळ घालणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणं हे तिचं रोजचं काम. शिवाय घरी सासूबाई. मास्तर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी जीभ ताळ्यावर आली, पण तोवर सगळा स्टुडिओ त्यांना शीळमास्तर म्हणू लागला होता. आणि खरं सांगू का? त्यांना ते आवडलं.

पुढे फिती गेल्या, कॅसेटी आल्या. कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, त्याही गेल्या आणि गाणी हवेतून फोनमध्ये यायला लागली. स्टुडिओ बंद पडला, तिथे आता लोक वजनं उचलतात. मशीन भंगारात गेलं. मास्तरांची नोकरी गेली, मग एकेक करून दात गेले. राहिली ती एक शीळ. वरची-खालची पूर्ण कवळी बसली आहे हे मास्तरांनी पोटच्या मुलीलासुद्धा कळू दिलेलं नाही, इतका माणूस तोंडाला जपणारा. मुलगी दुसऱ्या शहरात असते. फोनची घंटा म्हणून तिने तीच शीळ लावली आहे आणि ऑफिसात ज्याला त्याला सांगते, "माझे बाबा आहेत ते."

आता या सगळ्याला आग कुठून लागली ते ऐका. एका दुपारी नवरा-बायको टीव्हीसमोर बसले होते. म्हणजे बाई बसल्या होत्या, मास्तर येरझाऱ्या घालत होते. जाहिरात लागली. एक माणूस वेदनेने पोट धरून न्हाणीघरात जातो. मग गोळीचं चित्र येतं. मग तोच माणूस हसत बाहेर येतो, आणि तो दार उघडतो त्या क्षणी शीळ सुरू होते. तीच शीळ. शेवटच्या थरथरीसकट.

बाईंच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि कडाडल्या, "माझी शीळ? संडासातून बाहेर पडायला? माझी?"

मास्तर जागच्या जागी थबकले. इतक्या वर्षांच्या संसारात बाई 'माझी' असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. जाहिरात संपून बातम्या लागल्या तरी तो शब्द मास्तरांच्या कानातून जाईना.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. त्या तर नुसत्या पेटलेल्या.

"बघितलंस ना मास्तर? मला न विचारता! मी विचारायला गेले तर म्हणतात, तुमचा काय संबंध? आमची कंपनी मोठ्या कंपनीने विकत घेतली, तिला आणखी मोठ्या कंपनीने. आता तिथे बसलेल्यांना गाणं कशाशी खातात ते माहीत नाही, पण मालक ते."

"असं कसं ताई? गाणं तुमचं ना?"

"इथेच तर गोम आहे. शब्द माझे, चाल माझी, ते माझ्याकडेच आहेत. पण त्या दिवशी तुझ्या फितीवर जो आवाज उमटला तो कंपनीचा. माझाच गळा, पण तो त्यांचा माल. म्हणून मी ठरवलंय, तेच गाणं पुन्हा गायचं. सगळं नवं, पण ऐकणाऱ्याला तेच वाटलं पाहिजे. मग लोक माझं ऐकतील, ते त्यांचं बसेल धूळ खात. जाहिरातवाल्यांना द्यायचं की नाही ते मग मी ठरवीन. अट एकच, जुन्यातला एक श्वाससुद्धा उचलायचा नाही. वकिलाने बजावलंय. म्हणून जुन्या लोकांपैकी जे हयात आहेत त्यांना गोळा करतेय. तू हयात आहेस ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

"मग तुझी शीळ हवी. जशीच्या तशी. तिच्याशिवाय ते गाणंच नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि जाऊन फ्रीज उघडला.

त्यानंतर घरात जे काही सुरू झालं ते शेजाऱ्यांना विचारा. मास्तर न्हाणीघरात शीळ घालतायत, गच्चीत घालतायत, जिन्यात घालतायत. शीळ कसली, फुस्स! कवळी घातली की हवा दातांवर आपटून शिटी फुटायची, कवळी काढली की हवेला धरबंध राहायचा नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू येऊन विचारून गेल्या की कुकरची रिंग बदलायची आहे का. बाई वर्तमानपत्र वाचत बसायच्या, मान वर न करता. एकदाच म्हणाल्या, "शंभरात नऊ."

"तू घाल ना मग!" मास्तर वैतागून म्हणाले. म्हणाले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी दार लावलं, आवाज खाली आणला. "अगं, असं करू. तू इथेच घाल, मी फोनवर रेकॉर्ड करतो आणि ताईंना नेऊन देतो. म्हणजे कुणाला…"

बाईंनी वर्तमानपत्राची घडी केली. मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावल्यावर पोरांचं जे होत असेल ते मास्तरांचं झालं.

"चोरून एकदा केलं," बाई म्हणाल्या. "तेव्हा मी सांगितलं म्हणून तुम्ही गप्प बसलात. माझी नोकरी नवी, घरात सासूबाई, मला भीती होती. आता कुणाची भीती? सासूबाई गेल्या, शाळा सुटली. घालायची तर तिथे जाऊन, माइकसमोर उभी राहून घालीन. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

"पण मग सांगावं लागेल ताईंना."

"हो. लागेल."

"त्यांना काय वाटेल?"

"ते मला कसं ठाऊक? तुम्ही इतकी वर्षं मास्तर म्हणवून घेतलंत, मी नाही."

मास्तरांना ते जिव्हारी लागलं. लागणारच. पुढचे दिवस ते नुसते तळमळत होते. भाजी आणायला गेले आणि पिशवी विसरून आले, पिशवी घ्यायला गेले आणि भाजी विसरून आले. सांगितलं तर आयुष्यात जे एक नाव मिळालं ते जातं, आणि ताईंसारखी मैत्रीण जाते. न सांगावं तर गाणं होत नाही. आणि दोन्हीच्या मधोमध तो 'माझी' शब्द, घशात अडकलेल्या काट्यासारखा.

नवा स्टुडिओ एका शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर निघाला. दोनच खोल्या, मधे काच, भिंतींना काळा स्पंज. मशीन म्हणजे टेबलावरचा एक लॅपटॉप आणि त्याच्यामागे एक दाढीवाला रेकॉर्डिस्ट. मास्तरांचं बोट सवयीने पुढे गेलं, पण दाबण्यासारखं काही दिसेना. कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा होता.

"हा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"पुरावा," ताई म्हणाल्या. केस पांढरे, आवाज पार खाली उतरलेला, पण डोळे तेच. "सगळं नवं वाजवलं हे उद्या दाखवता यायला हवं. तो सकाळपासून चालू आहे. या वहिनी, बसा. बरं झालं आलात. जा मास्तर, उडव बार."

मास्तर काचेपलीकडे गेले. ताईंचा नवा आवाज कानात वाजला, कडवं संपलं, वाद्यं थांबली, आणि मास्तरांच्या तोंडून निघालं, फुस्स.

"पुन्हा," ताई म्हणाल्या.

पुन्हा फुस्स.

"घसा सुकला असेल. पाणी घे."

पाणी प्यायले. कवळीने टक्कन आवाज केला, तेवढाच काय तो सूर. ताईंच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरत चाललेला काचेतून दिसत होता. दाढीवाला हळूच म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर बनवू का? शिट्टीचे आवाज आहेत माझ्याकडे."

"नको!" मास्तर माइकमध्येच ओरडले. मग बाहेर आले. बसले, लगेच उठले. "ताई, तुम्हाला एक सांगायचंय. ती शीळ माझी नव्हती."

"कुठली?"

"तीच. गाण्यातली. हिची होती. माझी दाढ काढली होती त्या दिवशी, तोंड बधिर होतं. तुम्ही जेवायला गेलात, हिने घातली. तुम्ही आलात आणि मला शाबासकी दिलीत. मला बोलता येत नव्हतं."

"दुसऱ्या दिवशी तर येत होतं ना?" ताईंचा आवाज आणखी खाली गेला. "मी जिथे जाईन तिथे तुझं नाव घेतलं, मास्तर. लोकांना सांगितलं, असा माणूस मशीनच्या मागे बसला होता आणि जगाला पत्ता नव्हता. आणि तू माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर बसून चहा पीत होतास!"

"मीच सांगितलं होतं, गप्प बसा म्हणून," बाई मधे बोलल्या.

"वर्षभर गप्प बसायचं, वहिनी. दोन वर्षं. याने तर जन्मभर दुकान मांडलं."

"मांडलं," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "लोक हाक मारायचे, मला गोड वाटायचं. हिने एकदा भीतीने गप्प राहायला सांगितलं, ते मी कायमचं सोयीचं करून घेतलं. हिची वस्तू अंगावर घालून मी गावभर मिरवलो, ताई. लाज वाटते मला."

खालून शिंप्याच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. ताईंनी तोंड फिरवलं होतं. शेवटी बाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भांडण मधल्या सुट्टीत करा. माइक कुठला, हाच ना?"

आणि बाईंनी शीळ घातली. मी काय सांगू! दाढीवाल्याचे हात लॅपटॉपवरून खाली आले. ताई वळल्या आणि काचेकडे बघतच राहिल्या. वयाचा ओरखडासुद्धा नाही त्या शिळेवर. मुलांना वर्गाबाहेर उभं करण्यात इतकी वर्षं गेली, पण शीळ जागच्या जागी होती.

"वहिनी," ताई म्हणाल्या, राग विसरून, "अहो, काय हे! फक्त शेवटी ती थरथर नाही आली."

बाईंनी पुन्हा घातली. सूर सरळ उतरला. पुन्हा घातली. अगदी स्वच्छ, धुतलेल्या पाटीसारखी.

"ती काही मी मुद्दाम केली नव्हती," बाई म्हणाल्या. "मला हसू आलं होतं तेव्हा. यांचं तोंड बघून."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर काचेसमोर जाऊन उभे राहिले, डोळे तिरळे केले, जीभ काढली, गाल फुगवले. बाई ढिम्म. "एवढं तर मुलं रोज करायची," त्या आतून म्हणाल्या.

मग मास्तरांनी सगळ्यांकडे पाठ केली, खिशातून रुमाल काढला, आणि परत काचेकडे वळले तेव्हा कवळी रुमालात होती. गालांचे खड्डे झाले होते, हनुवटी नाकाला भिडायला आली होती. दाढीवाल्याला त्यांनी हाताने खूण केली, सुरू कर. वाद्यं थांबली. बाईंची शीळ वर चढली, वळली, उतरायला लागली. मास्तरांनी आ वासला, अगदी त्या दिवसासारखा, आणि त्यातून थोडी लाळही गळली.

थरथर आली. जशीच्या तशी.

जाताना मास्तरांनी ताईंचा हात धरला. "ते कॅमेऱ्यातलं… कुणाला दाखवू नका. मुलीलासुद्धा माहीत नाही दातांचं."

"नाही दाखवणार," ताई म्हणाल्या. पण खाली सोडायला काही आल्या नाहीत.

गाणं बाहेर पडलं. शीळ म्हणून बाईंचं नाव. जुन्याला नवं करताना वादकांची थोडी अदलाबदल व्हायचीच, लोकांनी काही फार चौकशी केली नाही. मुलीने मात्र फोनवर विचारलं, "बाबा, तुमच्याऐवजी आई कशी?" मास्तर म्हणाले, "घसा बसला होता." पुन्हा खोटं! सवय काय सहजी सुटते? बाईंनी ऐकलं आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.

आठवडा गेला नाही तोच गाणं सगळीकडून गायब. ताईंचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला.

"आता गाणी तपासायला माणूस बसत नाही, मास्तर. एक यंत्र सगळ्या जगाची गाणी ऐकत असतं, आवाजाला आवाज जुळला की बोंब ठोकतं. माझा आवाज त्याने ओळखला नाही, वाद्यं ओळखली नाहीत. शीळ ओळखली. कंपनी म्हणते, आमच्या रेकॉर्डीतून उचलून चिकटवलीत."

"बघा," बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला ओळखणारं एक यंत्र निघालं, आणि तेही तक्रार घेऊन."

"पण कॅमेरा होता ना?" मास्तर म्हणाले. "ही शीळ घालतेय तेवढा तुकडा दाखवा. त्यातून मला कापून."

"दाखवला. ते म्हणतात, आमच्या पाकिटावर शीळवाल्याचं नाव एका पुरुषाचं आहे. या बाई वेगळ्या. दोन वेगळ्या माणसांची शीळ श्वासासकट जुळेलच कशी? नुसतं तोंड हलवताना चित्र काढलंय, वर आवाज आमचा. वकील म्हणतो, सोपा उपाय आहे. वहिनींचं नाव काढून मास्तरांचं घालायचं. तोच माणूस, तीच शीळ, मिटलं." ताई थांबल्या. "मी काही सांगणार नाही. गाणं गेलं तर माझं सगळं गेलं, एवढंच तुला माहीत असू दे."

"घाला यांचं नाव," बाई लगेच म्हणाल्या. "माझं काही अडलेलं नाही त्याच्यावाचून. गाणं वाचतंय ना?"

मास्तर खिडकीशी गेले. पडदा सरकवला. फ्रीज उघडला आणि तसाच उघडा ठेवला. आतला दिवा जळत होता. बाईंच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. मास्तर मागे वळले आणि फोनजवळ आले.

"ताई, कापू नका. सगळं द्या त्यांना, मी फुस्स केलं तिथपासून. मी तुमच्यासमोर कबूल केलं ते, तुम्ही मला बोललात ते, कवळी काढली ते. त्याशिवाय त्यांना पटायचं नाही. आणि त्यांनाच कशाला, सगळ्यांना दाखवा. पण मुलीला आधी मला पाठवू दे."

"नक्की?" ताईंनी विचारलं.

"नक्की. पाकिटावर माझं नाव छापलंय ते खोटं आहे, असं लिहूनही देतो."

ताईंकडून चित्रण आलं आणि लगेच मुलीकडे गेलं. मग काय विचारता मास्तरांची अवस्था! फोन टेबलावर ठेवून त्याच्याभोवती घिरट्या. उचलायचा, बघायचा, ठेवायचा. बाई म्हणाल्या, "अहो, बसा." बसले. उठले. शेवटी फोन वाजला, मुलीचा, चेहरा दिसणारा. मास्तरांचा हात तोंडाकडे गेला. कवळी स्वयंपाकघरात पाण्यात ठेवलेली. आणायला निघाले, अर्ध्यातून परतले आणि तशाच तोंडाने फोन घेतला.

मुलगी पडद्यावर होती. डोळे लाल. तिने बापाच्या बोळक्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईला द्या जरा फोन."

मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि फ्रीजचं दार लावायला गेले.